'झालं' आणि 'झालंच'

पाऊस ओसरला की ठाण्यात दोन वास एकदम येतात. एक बाजारात रचलेल्या झेंडूच्या ढिगांचा, आणि दुसरा रस्त्यावरच्या चिखलाचा, जो वाळून धूळ व्हायच्या बेतात असतो. वर्तकनगरात आमच्या इमारतीसमोर मंडळाचा मांडव पडतो, खालच्या मजल्यावरच्या बायका भोंडल्याच्या खिरापतीवरून एकमेकींना छळतात, दुपारी ऊन टाळूवर बसतं. नवरात्र आलं म्हणून लोकांना हुरूप येतो. माझ्या मात्र पोटात खड्डा पडतो. हा खड्डा महापालिकेच्या खड्ड्यांसारखा गणपतीपुरतासुद्धा बुजत नाही.

यंदा घट बसले त्याच दिवशी मुक्ताचा फोन आला. मुक्ता माझी एकुलती एक मुलगी. लग्न होऊन डोंबिवलीला मानपाड्यात राहते, आणि माझी जुनी जीप आता तिच्याकडे असते. म्हणाली, "बाबा, पावसात खड्ड्यांनी गाडीची पार वाट लावलीय. सांधे बघायला रविवारी येताय ना?"

"अगं, तिथे एवढी गॅरेजं आहेत. दे की कुणाकडे."

"दिली असती. पण तुम्ही बोट लावून बघितलंत ना, की मग मला काही काळजी नसते."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. बायकोने, वसुधाने, विचारलं, "काय म्हणतेय?" मी म्हटलं, "सांधे बघायचेत." ती म्हणाली, "आधी स्वतःचे दाखवून घ्या." मी हसलो नाही, तेव्हा तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि पुन्हा निवडायला घेतलेल्या मेथीकडे वळली. गेली पाच वर्षं ती दर नवरात्रात माझ्याकडे असंच निरखून पाहते. विचारत मात्र नाही.

सांधे म्हणजे काय, ते सांगायला हवं. आपण स्टिअरिंग फिरवतो आणि चाकं वळतात, यात आपल्याला काहीच नवल वाटत नाही. मधे लोखंडाच्या दोन दांड्या असतात, आणि त्यांच्या टोकांना सांधे. आमच्या जीपला असे चार. वाटीत गोळी बसवावी तशी त्यात एक पोलादी गोळी असते, वर रबराची टोपी, आत ग्रीस. डोंगरात, ओढ्यात, दगडांवर गाडी घातली की सगळे धक्के या चार गोळ्या सोसतात. टोपी फाटते, चिखल आत जातो, वाटी झिजते आणि गोळी आत खुळखुळायला लागते. मेकॅनिक लोक या सांध्याला 'एंड' म्हणतात. "काका, तुमचे चारी एंड गेलेत," असं सरळ तोंडावर सांगतात. एंड म्हणजे शेवट, हे मला इतक्या वर्षांत कधी खटकलं नव्हतं.

झिजलेला सांधा डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतो. एकाने स्टिअरिंगवर बसायचं, दुसऱ्याने गाडीखाली उताणं पडायचं. वरच्याने स्टिअरिंग थोडंसं डावीकडे, थोडंसं उजवीकडे असं हलवायचं आणि खालच्याने सांध्यावर बोटं ठेवून डोळे मिटायचे. सांधा चांगला असेल तर दोन्ही भाग एकजीव हलतात. झिजला असेल तर एक भाग आधी हलतो आणि दुसरा मागून येतो. मधे एक बारीकसं 'टक' बोटाला लागतं. त्या टकला मेकॅनिकांच्या भाषेत 'प्ले' म्हणतात. खेळ! माणसं मारू शकणाऱ्या गोष्टीला आपण किती लाडाचं नाव देऊन ठेवलंय.

मुक्ता आठ वर्षांची होती तेव्हापासून स्टिअरिंगवर बसणारी तीच. पाय खाली पोचायचे नाहीत, तरी चेहरा मात्र विमान चालवत असल्यासारखा गंभीर. मी खालून ओरडायचो, "डावी... उजवी... हळू गं! डावी..." आणि वरून तिचा आवाज यायचा, "लागलं का बाबा बोटाला? लागलं का?" लागलं म्हटलं की तिला आनंद व्हायचा, आपण काहीतरी शोधून काढल्याचा. गाडीखाली आईलचा, गंजाचा, वाळलेल्या शेवाळाचा वास असायचा. माझ्या बोटांच्या वर फूटभर अंतरावर माझी मुलगी, आणि मध्ये सगळं लोखंड. मला वाटतं, मी आयुष्यात सगळ्यात सुखी कुठे होतो असं कुणी विचारलं, तर मी त्या जागेचं नाव सांगेन. पण माझं हे असं आहे, की सुखाची जागा आणि पापाची जागा एकच निघाली.

नोकरीत मी इन्स्पेक्शनला होतो. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तीस वर्षं दुसऱ्यांनी केलेलं काम तपासलं. माझ्या हाताखालच्या पोरांना माझा एकच धाक होता, तो 'झालंच' या शब्दाचा. मराठी माणसाला 'झालं' आणि 'झालंच' यांच्यात फरक वाटत नाही. "अरे, काम झालं का?" "झालंच साहेब." म्हणजे झालेलं नसतं. "झालंच म्हणून समजा" म्हणजे तर सुरूही झालेलं नसतं. निम्मी मुंबई, सगळं ठाणं आणि कल्याणपर्यंतचे सगळे सुतार, शिंपी, इलेक्ट्रिशियन या एका 'च'वर जगतात. मी मात्र तो 'च' धरून माणसाला सोलून काढायचो. "झालं असेल तर झालं म्हण. नसेल तर नाही म्हण. तो च घरी ठेवून ये." घरीही तेच. मुक्ताने अभ्यास "झालाच" म्हटलं की मी वही मागायचो. तिने पुढे त्याची चेष्टा सुरू केली. मला जेवायला बोलवायची तेव्हा दारात उभी राहून विचारायची, "येताय, की येताच?"

पाच वर्षांपूर्वी पावसाळा लांबला होता. मुक्ता तेव्हा तेवीसची. तिचा आठ-दहा जणांचा गट होता. सुट्टीला जीपा घेऊन डोंगरात जायचे, चिखलात रुतायचे, एकमेकांना दोर लावून ओढायचे आणि पुरुषार्थ केल्याच्या थाटात परत यायचे. दसऱ्याला मलंगगडाच्या मागच्या बाजूला जायचं ठरलं होतं. सीमोल्लंघन! जीपचं स्टिअरिंग तेव्हा मला जड आणि सैल असं एकाच वेळी वाटत होतं. आम्ही दोघांनी तपासलं. चारही सांध्यांत टक होतं.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी मी इमारतीच्या मागे जीप जॅकवर घेतली. नवे सांधे आणलेलेच होते. जुना सांधा काढायचा म्हणजे आधी नटातून आरपार गेलेली पिन सरळ करून ओढायची. ही पिन केसांच्या पिनेसारखी दिसते, दोन पायांची. नटाला वरून खाचा असतात आणि आतल्या दांड्याला छिद्र. नट आवळला की खाच आणि छिद्र जुळवून त्यातून पिन घालायची आणि तिचे पाय दोन बाजूंना वाकवायचे. मग नट कितीही हादरला तरी फिरू शकत नाही. एवढीशी पिन, पण सगळा भरवसा तिच्यावर. पिन निघाली की नट सोडवायचा आणि बाजूने दोन हातोड्यांचे टोले घालायचे. आठ-दहा टोल्यांना काही होत नाही, आणि मग एकदम सांधा खाली पडतो. मुक्ता शेजारी बसून फेरे मोजत होती, कारण जुना सांधा जितके फेरे फिरवून काढला तितकेच फेरे नवा आत घालायचा असतो. "साडेसतरा," ती म्हणाली आणि खडूने चाकावर लिहिलं. मग तिला कुणाचा तरी फोन आला आणि ती वर गेली.

तीन सांधे बसले, तीन पिना गेल्या. चौथा, उजव्या चाकाचा, बसवला. नट आवळला. पण खाच आणि छिद्र जुळत नव्हतं. अजून पाव फेरा हवा होता, आणि त्यासाठी लांब पाना. मी पाना शोधत होतो, एवढ्यात वसुधा ताट घेऊन खाली आली.

"अहो, हत्यारं द्या. नवमी साडेतीनला संपतेय. पूजा कधी मांडू?"

"अगं, दहा मिनिटं."

"दहा मिनिटं म्हणता म्हणता तुम्ही संध्याकाळ करता. वर्षातून एक दिवस त्यांना विश्रांती द्या. द्या बघू."

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडतात. हळदकुंकू, झेंडू, नारळ. पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळी ती हलवेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. तिने पाने, हातोडे, पक्कड ताटात घेतले. मी खिळे-पिना ठेवतो ते डबीचं झाकणही त्यात गेलं. मी चाक चढवलं, जॅक उतरवला आणि वर आंघोळीला गेलो.

विसरलो असतो तर बरं झालं असतं. माणूस विसरतो, देव क्षमा करतो, निदान असं म्हणतात तरी. पण मी विसरलो नव्हतो. रात्री पानावर बसलो तेव्हा मला ती पिन स्वच्छ आठवत होती. पाटावर, झाकणात, समईच्या उजेडात ती मला दिसतही होती. मी मनात म्हटलं, आता पूजेतली हत्यारं कशी उचलायची? सकाळी लवकर उरकू. वास्तविक मी देवाला हात जोडतो तेसुद्धा वसुधाकडे बघून. पण त्या क्षणी मला रीत आठवली. आळसाला सोवळं नेसवलं की तो धर्म होतो.

मुक्ताने भात कालवता कालवता विचारलं, "बाबा, झालं का?"

मी म्हटलं, "झालं."

च मी गिळला. उच्चारला असता तर ती हसली असती, "अय्या, तुमचं झालंच?" म्हणाली असती, आणि तीस वर्षांचा माझा रुबाब वरणात पडला असता. त्या हसण्याला भिऊन मी माझ्या मुलीला तीन सांध्यांचा भरवसा आणि एका सांध्याचं खोटं दिलं. तिने मान डोलावली. पुन्हा विचारलं नाही. बाबा 'झालं' म्हणाले म्हणजे झालं, हे तिला मीच लहानपणापासून शिकवलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी मी साडेसातला पाटाजवळ गेलो. झेंडूच्या पाकळ्या बाजूला सारल्या. झाकणात पिन होती. तिच्यावर हळदीकुंकवाचं एक बोट, दोन्ही पाय सरळ. पिन घेतली, पाना घेतला, आणि सहज खिडकीतून खाली बघितलं. जीपच्या जागी सिमेंटवर आईलचा डाग होता, आणि त्याच्या कडेला झाडाखाली रात्रभर पडलेल्या पानांत एक कोरा चौकोन.

"मुक्ता कुठाय?"

"ती पहाटे साडेपाचलाच गेली. मी डबा करून दिला ना. तुम्हाला उठवू नको म्हणाली, काल दिवसभर गाडीखाली होता म्हणून."

मी वसुधावर ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सणाच्या दिवशी, देवासमोर, जिचा काडीचाही दोष नव्हता तिच्यावर. ती हातात आरतीचं तबक घेऊन नुसती उभी राहिली. त्याबद्दल मी आजतागायत तिची माफी मागितलेली नाही. मागायची तर कारण सांगावं लागेल.

फोन लावला. फोनमधली ती गोड आवाजाची बाई म्हणाली, ज्यांच्याशी संपर्क साधायचा आहे ते क्षेत्राबाहेर आहेत. पुन्हा लावला. गटातल्या बाकीच्या कुणाचेही नंबर माझ्याकडे नव्हते. मुलांचे नंबर घेणारा बाप मी नव्हतो, मुलांवर विश्वास टाकणारा बाप होतो. केवढी ऐट ती! पायात चपला अडकवून मी रस्त्यावर धावलो आणि मिळाली ती रिक्षा पकडली.

दसऱ्याच्या सकाळी ठाण्यातून बाहेर पडून बघा. प्रत्येक चौकात फुलवाले, प्रत्येक फुलवाल्यापुढे तिरक्या लावलेल्या गाड्या, प्रत्येक गाडीच्या तोंडाला हार. माणसं आपापल्या गाडीला हळदकुंकू लावत होती, चाकाखाली लिंबू ठेवत होती. मला प्रत्येकाचं चाक दिसत होतं आणि चाकाच्या आतला तो सांधा दिसत होता. माझ्या रिक्षावाल्यानेही मधेच थांबून हार घेतला. मी खेकसलो. तो म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. सणाचा दिवस आहे, कायपण वाईट नाय होणार आज."  खिशात ती पिन होती. मी ती मुठीत इतकी आवळली होती की तिचं टोक तळव्यात घुसलं, हे मला शिळफाट्याला कळलं.

मुंब्रा बायपासवर ट्रकांमागे रिक्षा अडकली. उजवीकडे डोंगर, डावीकडे खाली खाडीकडे उतरत गेलेली वस्ती. मी हिशेब करत होतो. नट अर्धवट आवळलेला. डांबरी रस्त्यावर टिकेल. नेवाळीपर्यंत टिकेल. पुढे दगड सुरू झाले की प्रत्येक धक्क्याला नट थोडा थोडा सैल होणार. मग तो गळून पडणार. मग दांडा सुटणार, आणि मुक्ता स्टिअरिंग फिरवेल तेव्हा चाक ऐकणार नाही. चढावर असेल तर जीप मागे जाईल. उतारावर असेल तर... इथे मी थांबायचो आणि पुन्हा पहिल्यापासून हिशेब सुरू करायचो, कदाचित या वेळी उत्तर वेगळं येईल म्हणून. मी नवससुद्धा बोललो. कुठल्या देवाला, ते मला नीट सांगता येणार नाही. जो देव दिसेल त्याला बोललो. वाटेत एका सिमेंटच्या दुकानावर गणपतीचं चित्र होतं, त्यालाही.

मानपाड्याला बाळाराम राहतो. जीप मूळ त्याच्याकडची. त्याच्या बापाची भातशेती होती तिथे आता गोदामं आहेत आणि बाळाराम त्यांचा मालक आहे. पण मलंगगडाच्या बाजूच्या सगळ्या वाटा त्याला लहानपणापासून पाठ. मी पोचलो तेव्हा तो अंगणात आपल्या गाडीची पूजा करत होता. हातात नारळ, आता फोडणार एवढ्यात मला बघून थांबला.

"काका, काय झाला? तोंड असा का उतरलाय?"

"बाळाराम, मुक्ता जीप घेऊन मलंगगडाच्या मागे गेलीय. पुढच्या उजव्या सांध्याची पिन माझ्या खिशात राहिलीय."

त्याने एकदा माझ्या मुठीकडे पाहिलं. नारळ तसाच सीटवर ठेवला. "बसा गारीत. नारल मंग फोरू."

नेवाळीपासून पुढचा रस्ता मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. भाताची शेतं पिवळी पडायला लागली होती. एका वळणावर माणसांचा घोळका दिसला आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला, तो कसला होता माहीत नाही. बाळारामने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. जवळ गेल्यावर कळलं, नव्या ट्रॅक्टरची पूजा चालली होती, पेढे वाटत होते. एका बाईने खिडकीतून आमच्या हातात पेढे दिले. तो पेढा मी किती वेळ हातात धरून होतो.

पुढे बाळारामची गाडी जाईना. आम्ही चालत निघालो. तांबड्या मातीत जीपांच्या चाकांचे ठसे होते. मला माझ्या जीपचे ठसे ओळखता आले, डाव्या पुढच्या टायरचं नक्षीकाम एका ठिकाणी तुटलेलं आहे. त्या ठशांवर नजर ठेवून मी चढत होतो. एका जागी वाट अरुंद होती, उजवीकडे खाली ओढ्यापर्यंत सरळ उतरण. तिथे उजव्या चाकाचा ठसा कडेपासून वीतभर आत होता. वीतभर! मी तिथे खाली बसलो. कडेला जाऊन खाली बघायची माझी छाती झाली नाही. बाळारामने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "काय नाय काका. खाली काय नाय. उठा."

मी उठलो. त्या वेळी मला स्वतःबद्दल जे वाटलं, ते शब्द मी कधी कुणाबद्दल वापरलेले नाहीत. बाप म्हणजे काय, तर ज्याच्यावर मूल न तपासता विश्वास टाकतं तो. मी आयुष्यभर सगळ्यांचं तपासलं. माझं कुणी तपासलं नाही, कारण मी कुणाला तपासू दिलं नाही.

वरच्या सपाटीवरून आधी हसण्याचा आवाज आला. मग मुक्ताचा. ती कुणाला तरी पोहे वाढत होती. तिने मला पाहिलं आणि डावच खाली ठेवला. "बाबा! तुम्ही इथे कसे आलात?"

"अगं, सहज. बाळाराम येणार होता. म्हटलं आपणही सीमोल्लंघन करू."

तिला ते खरं वाटलं. किती चटकन खरं वाटलं! जीप एका दगडावर उजवं चाक चढवून तिरकी उभी होती. उजव्या बाजूनेच मी खाली शिरलो. उताणा पडलो. नटावर बोटं ठेवली. पाना लावायची गरजच नव्हती. नट बोटांनी फिरला. दोन आटे राहिले होते, फार तर अडीच.

"काय बघताय बाबा?" वरून मुक्ता सीटवर चढत होती. जीप जराशी हलली. "मी हलवू का स्टिअरिंग? डावी-उजवी?"

"हात लावू नको!" मी असा ओरडलो की वर सगळे गप्प झाले. मग मी आवाज सांभाळून म्हटलं, "उतर खाली. ग्रीस बघतोय फक्त."

घरून आणलेला पाना लावून मी नट आवळत आणला. पाव फेरा, अजून पाव फेरा. खाच आणि छिद्र जुळलं. पिन घातली, तिचे पाय वाकवले. दोनदा वाकवले. मग उरलेल्या तीन पिना बघितल्या आणि परत चौथी बघितली. सगळं झालं तरी मी बाहेर आलो नाही. गाडीखाली एक सोय असते, तोंड कुणाला दिसत नाही. कितीतरी वेळ मी तिथे पडून होतो आणि कानात माती जात होती.

बाळाराम माझ्या डोक्याशी उकिडवा बसला होता. त्याला सगळं दिसलं होतं. हळूच म्हणाला, "काका, सांगाल ना तिला?"

"सांगतो," मी म्हटलं. "सांगितलंच म्हणून समज."

तो उठून गेला. त्यानंतर पाच वर्षांत तो मला अनेकदा भेटला. हा विषय त्याने काढला नाही, आणि मीही काढला नाही. मुक्ताच्या लग्नात तो आहेर घेऊन आला तेव्हा त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं होतं.

मला कधी कधी वाटतं, तो दांडा त्या दिवशी निखळला असता आणि जीप सपाट जागी नुसती थांबली असती, तर बरं झालं असतं. मुक्ता चिडली असती, भांडली असती, मला 'झालंच वाले बाबा' म्हणून चार वर्षं चिडवलं असतं. मी तिच्यासमोर एक चुकणारा माणूस झालो असतो. काहीच झालं नाही, म्हणून मी अजून देव आहे. त्या देवाला दर नवरात्रात फोन येतो. तो देव जातो, गाडीखाली झोपतो, प्रत्येक पिन चार-चार वेळा बघतो. हल्ली वरून जावई स्टिअरिंग हलवतो, आणि मुक्ता शेजारी उभी राहून त्याला सांगते, "बाबांनी बघितलं ना, की विषय संपला."

तर त्या दिवशी मी गाडीखालून बाहेर आलो. पाठ तांबडी झालेली, दोन्ही हात काळे. पोरं पांगली होती, कुणी फोटो काढत होतं. मुक्ता सपाटीच्या टोकाला एका आपट्याच्या झाडापाशी गेली होती. तिथून पानं तोडून ती माझ्याकडे आली. दोन पानं माझ्या काळ्या तळव्यावर ठेवली, माझी बोटं त्यांवर मिटवली आणि म्हणाली, "बाबा, सोनं घ्या." मग वाकली आणि माझ्या पायांना हात लावला.

यावर आमच्याकडे वडीलधाऱ्यांनी एकच म्हणायचं असतं. माझे वडील म्हणायचे, मीही तिला दरवर्षी म्हणत आलो होतो. औक्षवंत हो. चार अक्षरांचा शब्द, वर एक 'हो'. तो माझ्या ओठांपर्यंत आला आणि तिथेच राहिला. जिचं आयुष्य आत्ता अडीच आट्यांवर मी टांगून ठेवलं होतं, तिला मी कुठल्या तोंडाने आयुष्य देणार होतो? मुक्ता वाकलेलीच होती. तिला सवय होती तो शब्द ऐकून उठायची. "बाबा, बोला ना काहीतरी," ती खालूनच हसत म्हणाली. मी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. तिच्या केसांना ग्रीस लागलं.

त्यानंतरचे सगळे दसरे असेच गेले. ती पानं देते, वाकते, थांबते. मी हात ठेवतो आणि गप्प राहतो. ती उठून नवऱ्याला सांगते, "बाबा हल्ली फार हळवे झालेत." यंदाही ती वाकेल. मी सांगत नाही तोवर तो आशीर्वाद माझ्या तोंडून निघणार नाही, आणि सांगितल्यावर ती वाकेल की नाही, मला माहीत नाही.